लॉगची वही कोरी राहिली तर? लिनक्समधला फाइल मालकीचा घोळ असा निस्तरा

तालुक्याच्या ठिकाणची एखादी दूध संकलन संस्था घ्या. दुधाचं माप, फॅट, उत्पादकांची बिलं, सगळं कोपऱ्यातल्या एका जुन्या संगणकावर चालतं. त्यावर उबुंटू लिनक्स आहे. परवान्याचे पैसे नाहीत, जुन्या मशीनवरही चालतं, म्हणून कुणीतरी बसवून दिलेलं. एके दिवशी एका उत्पादकाच्या खात्यातला आकडा बदललेला दिसतो. बदलला कुणी? त्या रात्री मशीनमध्ये कोण शिरलं होतं? सचिव म्हणतात, "लॉग बघा." लॉगची फाइल उघडली, तर शेवटची नोंद सतरा दिवसांपूर्वीची. पुढं काहीच नाही.

असं झालं की पहिला संशय व्हायरसवर जातो, दुसरा हार्ड डिस्कवर. पण बऱ्याचदा कारण साधं असतं. लॉगची फाइल दुसऱ्याच्या नावावर गेलेली असते आणि ज्यानं त्यात लिहायचं, त्यालाच लिहायचा हक्क उरलेला नसतो. दुरुस्ती पाच मिनिटांची आहे. पण चुकीची दुरुस्ती केली तर एक भानगड मिटते आणि दुसरी उभी राहते. म्हणून हे प्रकरण मुळापासून समजून घेतलेलं बरं.

लॉग म्हणजे काय आणि लिहितं कोण?

ग्रामपंचायतीत आवक-जावक रजिस्टर असतं. कोणता कागद कधी आला, कुठं गेला, याची नोंद त्यात होते. लिनक्स मशीनही अशी रजिस्टरं ठेवतं. 'वार' नावाच्या फोल्डरात 'लॉग' नावाचं फोल्डर असतं, त्यात ही सगळी असतात. उबुंटूत त्यातली तीन महत्त्वाची. 'सिसलॉग' म्हणजे सर्वसाधारण नोंदी. 'ऑथ डॉट लॉग' म्हणजे कोण लॉगिन झालं, चुकीचा पासवर्ड किती वेळा टाकला गेला, मुख्य अधिकार कुणी वापरले. 'कर्न डॉट लॉग' म्हणजे डिस्क, पेनड्राइव्ह, नेटवर्क कार्ड यांच्याबद्दल कर्नलनं केलेल्या तक्रारी.

लिहिणारे दोघं आहेत. एक 'जर्नल-डी'. तो सिस्टिम-डीचा भाग असून आपली वही वेगळ्या पद्धतीनं, वेगळ्या जागी ठेवतो. दुसरा 'आर-सिसलॉग'. वर सांगितलेल्या साध्या मजकुराच्या फाइली हा लिहितो. दोघं वेगळे आहेत हे लक्षात ठेवा, पुढं कामाला येणार आहे.

फाइलचा सातबारा

लिनक्समध्ये प्रत्येक फाइलला एक मालक असतो आणि एक गट असतो. मालकाला काय करता येईल, गटातल्यांना काय करता येईल आणि बाकी सगळ्यांना काय करता येईल, हे वेगवेगळं ठरलेलं असतं. 'एलएस -एल' ही आज्ञा दिली की फाइलचा हा सातबारा समोर येतो. या लेखातल्या आज्ञा उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टाइप करताना इंग्रजी लहान अक्षरं वापरायची.

उबुंटूमध्ये धडधाकट सिसलॉग फाइलचा मालक 'सिसलॉग', गट 'एडीएम' आणि परवानगी ६४० असते. या आकड्याचा अर्थ सोपा आहे. वाचायला ४, लिहायला २, चालवायला १. पहिला आकडा मालकाचा: ६ म्हणजे ४ अधिक २, वाचता येतं आणि लिहिताही येतं. दुसरा गटाचा: ४ म्हणजे फक्त वाचता येतं. तिसरा बाकीच्यांचा: ० म्हणजे त्यांना काहीच नाही.

आता कुणी विचारेल, मशीनचा सर्वेसर्वा 'रूट' असताना हा 'सिसलॉग' कोण? हा कुणी माणूस नाही. नोंदी लिहिण्यापुरतं तयार केलेलं ते खातं आहे. आर-सिसलॉग सुरू होताना रूटच्या अधिकारानं सुरू होतो, पण सुरुवातीची कामं झाली की ते अधिकार सोडतो आणि सिसलॉग या साध्या खात्यावर उतरतो. त्याच्या कॉन्फिग फाइलमध्ये तसं लिहिलेलंच असतं. हेतू हा की उद्या या प्रोग्रॅममध्ये काही त्रुटी निघाली आणि तिथून चोर आत आला, तर त्याच्या हाती फक्त कारकुनाची किल्ली लागावी, सगळ्या कचेरीची नाही.

सोय चांगली आहे, पण ती एका गोष्टीवर टिकून आहे. रजिस्टर कारकुनाच्याच नावावर राहिलं पाहिजे.

घोळ होतो कुठं?

पहिला आणि नेहमीचा प्रकार: कुणाला तरी लॉग वाचायचा असतो, फाइल उघडत नाही. मग रूटच्या अधिकारानं 'चाऊन -आर' ही आज्ञा अख्ख्या लॉग फोल्डरवर चालवली जाते. चाऊन म्हणजे सी-एच-ओ-डब्ल्यू-एन, मालक बदलण्याची आज्ञा. म्हणजे फेरफारच. त्यातला मोठ्या लिपीतला आर म्हणतो, आतल्या सगळ्या फाइलींचाही मालक बदल. एका गटासाठी अख्ख्या गावाचे फेरफार झाले.

दुसरा प्रकार: डिस्क भरली म्हणून मोठी झालेली लॉग फाइल उडवली आणि त्याच नावाची रिकामी फाइल रूटनं तयार केली. नवी फाइल अर्थातच रूटच्या नावावर.

तिसरा प्रकार: बॅकअपमधून फाइली परत आणल्या, पण मालकी जपणारी कॉपी न करता साधी कॉपी केली. ज्यानं कॉपी केली, फाइली त्याच्या नावावर लागल्या.

चौथा प्रकार जरा फसवा आहे. लिनक्स डिस्कवर मालकाचं नाव लिहीत नाही, त्याचा क्रमांक लिहितं. एका मशीनवर सिसलॉग खात्याचा जो क्रमांक असतो, तोच दुसऱ्या मशीनवर असेल असं नाही. जुनी डिस्क नव्या मशीनला जोडली की त्याच क्रमांकाचं भलतंच खातं मालक म्हणून दिसायला लागतं.

चूक आज, परिणाम आठवड्यानं

या दुखण्याची सगळ्यात वाईट गोष्ट म्हणजे ते लगेच कळत नाही. फाइलची परवानगी ती उघडताना तपासली जाते, प्रत्येक ओळ लिहिताना नाही. कारकुनानं सकाळी रजिस्टर उघडून टेबलावर घेतलं आणि दुपारी कपाटाची किल्ली दुसऱ्याकडे गेली, तरी संध्याकाळपर्यंत त्याचं लिहिणं चालूच राहतं. अडतं ते दुसऱ्या दिवशी, कपाट उघडताना.

मशीनमध्येही तेच होतं. मालकी आज बदलली तरी आर-सिसलॉग आधीच उघडलेल्या फाइलमध्ये लिहीत राहतो. थांबतो तो पुढच्या वेळी फाइल नव्यानं उघडायची वेळ येते तेव्हा. म्हणजे वीज जाऊन मशीन पुन्हा सुरू होईल तेव्हा, अपडेटनंतर सेवा पुन्हा सुरू होईल तेव्हा, किंवा 'लॉगरोटेट' जुनी वही बाजूला ठेवून नवी लावेल तेव्हा. सध्याच्या उबुंटूमध्ये हे वही बदलणं आठवड्यातून एकदा होतं. म्हणून चूक सोमवारी झाली, नोंदी थांबल्या रविवारी आणि कुणाच्या लक्षात आलं महिन्यानं, असा प्रकार होतो. तोवर सोमवारी काय केलं होतं ते कुणालाही आठवत नाही.

त्यात आणखी एक मेख आहे. लॉगरोटेट नवी वही लावताना वेगळं काही सांगितलेलं नसेल तर जुन्या वहीचाच मालक आणि परवानगी पुढं चालवतो. म्हणजे एकदा चुकीचं नाव लागलं की ते आपोआप सुधारत नाही, वारसा हक्कानं पुढं जात राहतं.

तपास क्रमानं करा

मशीन बंद-चालू करायची घाई करू नका. काही मशीनवर जर्नल-डीची वही डिस्कवर नसते, नुसती मेमरीत असते. मशीन बंद केलं की तीही पुसली जाईल आणि हाती काहीच राहणार नाही.

१. आधी डिस्क भरली आहे का ते पाहा. आज्ञा 'डीएफ -एच'. डिस्क शंभर टक्के भरली असेल तर मालकी बरोबर असूनही नोंद होणार नाही. तो आजार वेगळा.

२. सेवा चालू आहे का ते पाहा. आज्ञा 'सिस्टिमसीटीएल स्टेटस आरसिसलॉग'. ही सेवाच बसवलेली नसेल तर घोळ मालकीचा नाही. डेबियनच्या २०२३ साली आलेल्या १२ व्या आवृत्तीपासून आर-सिसलॉग आपोआप बसत नाही. तिथं सिसलॉगची फाइल नसणं हा बिघाड नव्हे.

३. आर-सिसलॉगची तक्रार वाचा. आज्ञा 'सुडो जर्नलसीटीएल -यू आरसिसलॉग'. फाइल उघडता आली नाही, परवानगी नाकारली, अशा अर्थाची इंग्रजी ओळ दिसली की रोग सापडला. कारकुनानं तक्रार आधीच लिहून ठेवलेली असते, फक्त दुसऱ्याच्या वहीत. कुणी बघत नाही एवढंच.

४. सातबारा काढा. 'एलएस -एल /वार/लॉग' आज्ञेनं आतल्या फाइलींचे मालक दिसतील आणि 'एलएस -एलडी /वार/लॉग' आज्ञेनं खुद्द फोल्डरचा मालक दिसेल. दोन्ही पाहणं गरजेचं आहे. नवी फाइल तयार करायची तर फोल्डरमध्ये लिहायचा हक्क लागतो. रजिस्टर आपल्या नावावर आहे, पण कपाटात नवं रजिस्टर ठेवायची परवानगी नाही, असंही होऊ शकतं.

दुरुस्ती

हे उबुंटूसाठी आहे. आधी सध्याची स्थिती लिहून ठेवा किंवा मोबाइलवर पडद्याचा फोटो काढा. मग फोल्डर नीट करा. त्याचा मालक रूट, गट सिसलॉग आणि परवानगी ७७५ हवी.

सुडो चाऊन रूट:सिसलॉग /वार/लॉग
सुडो सीएचमॉड ७७५ /वार/लॉग

इथं '-आर' लावायचा नाही. फक्त फोल्डरचं नाव बदलायचं आहे, आतल्या सगळ्यांचं नाही. मग एकेक फाइल नाव घेऊन दुरुस्त करा.

सुडो चाऊन सिसलॉग:एडीएम /वार/लॉग/सिसलॉग
सुडो सीएचमॉड ६४० /वार/लॉग/सिसलॉग

हेच ऑथ डॉट लॉग आणि कर्न डॉट लॉग यांच्यासाठी करा. मग 'सुडो सिस्टिमसीटीएल रीस्टार्ट आरसिसलॉग' देऊन सेवा पुन्हा सुरू करा.

दुरुस्ती झाली असं समजून उठू नका, खात्री करा. 'लॉगर' नावाची छोटी आज्ञा आहे. तिच्यापुढं एखादा शब्द लिहिला की ती तो शब्द लॉगमध्ये टाकते. 'लॉगर चाचणी' द्या आणि मग 'सुडो टेल /वार/लॉग/सिसलॉग' देऊन फाइलच्या शेवटच्या ओळी पाहा. आताच्या वेळेसह चाचणी हा शब्द दिसला तर वही चालू झाली.

७७७ चा मोह टाळा

कुणीतरी हमखास सांगतो, "कशाला एवढा व्याप? ७७७ देऊन टाक." ७७७ म्हणजे मालक, गट आणि बाकी सगळे, सर्वांना सगळे हक्क. नोंद सुरू होईल हे खरं. पण त्या मशीनवर खातं असलेला कुणीही मग लॉग खोडू शकतो. ज्या वहीत कुणीही खाडाखोड करू शकतो, ती वही पुरावा म्हणून काय कामाची?

शिवाय फोल्डरला ७७७ दिलं की लॉगरोटेट बिथरतो. फोल्डर सगळ्यांना लिहायला मोकळं दिसलं आणि कोणत्या खात्यानं काम करायचं हे त्याच्या कॉन्फिगमध्ये सांगितलेलं नसेल, तर तो ती वही बदलायला नकार देतो आणि पुढं जातो. फाइल फुगत राहते. एक दिवस डिस्क भरते आणि लॉगच काय, दुधाचं बिलही निघत नाही.

फाइल वाचता येत नाही ही मूळ अडचण असेल तर त्याला सरळ वाट आहे. एडीएम गटाला लॉग वाचायचा हक्क आहेच. ज्या माणसाला वाचायचं आहे, त्याचं खातं त्या गटात घाला: 'सुडो यूजरमॉड -एजी एडीएम' आणि पुढं खात्याचं नाव. यातला पहिला ए लहान आणि जी मोठ्या लिपीत. तो ए विसरू नका. तो राहिला तर ते खातं आधीच्या जादा गटांतून बाहेर पडतं, आणि सुडो वापरायचा हक्कही त्यात जाऊ शकतो. नंतर एकदा लॉगआउट होऊन पुन्हा लॉगिन व्हायचं. मालक तोच राहतो, वाचणारा वाचतो.

फाइल मोठी झाली म्हणून रिकामी करायची असेल तर ती उडवू नका. 'सुडो ट्रंकेट -एस ०' आणि पुढं फाइलचं नाव दिलं की आतला मजकूर जातो, फाइल आणि तिचा मालक तसेच राहतात. उघडी असलेली फाइल उडवली तर नाव जातं, पण लिहिणारा त्याच अदृश्य फाइलमध्ये लिहीत राहतो आणि डिस्कवरची जागाही सुटत नाही.

अख्खं फोल्डरच बिघडलं असेल तर

'चाऊन -आर' चालवलेला असेल तर काम वाढतं, कारण लॉग फोल्डरात सगळ्यांचा मालक एक नसतो. मायएसक्यूएलच्या फोल्डरचा मालक मायएसक्यूएल हवा. पोस्टग्रेसच्या फोल्डरचा गट पोस्टग्रेस हवा. लॉगिनचा इतिहास ठेवणाऱ्या 'डब्ल्यूटीएमपी' आणि 'बीटीएमपी' या फाइलींचा मालक रूट आणि गट 'यूटीएमपी' असतो. म्हणून सगळं सिसलॉगच्या नावावर करून टाकणं ही दुसरी चूक. सोपी युक्ती अशी: त्याच आवृत्तीचं दुसरं चांगलं मशीन असेल तर तिथली 'एलएस -एलआर' यादी समोर ठेवा आणि एकेक ओळ ताडून पाहत जा.

जर्नल-डीचं फोल्डर मात्र हातानं नीट करत बसायची गरज नाही. त्यासाठी 'सिस्टिमडी-टीएमपीफाइल्स --क्रिएट --प्रिफिक्स /वार/लॉग/जर्नल' ही आज्ञा आहे. तिथले मालक आणि परवानग्या ती ठरल्याप्रमाणे लावून देते.

सगळीकडे उबुंटू नसतं

वरचे मालक डोळे झाकून दुसऱ्या लिनक्सवर लावू नका. डेबियनमध्ये आर-सिसलॉग रूट म्हणूनच चालतो. तिथं फाइलीचा मालक रूट आणि गट एडीएम असणं बरोबर आहे. रेड हॅट आणि त्या घराण्यातल्या लिनक्समध्ये सिसलॉगऐवजी 'मेसेजेस' आणि ऑथ डॉट लॉगऐवजी 'सिक्युअर' या फाइली असतात. दोन्ही रूटच्या नावावर, परवानगी ६००.

रेड हॅटमध्ये एसई-लिनक्स नावाचा आणखी एक पहारेकरी आहे. प्रत्येक फाइलवर त्याची वेगळी चिठ्ठी लावलेली असते. मालक बरोबर, परवानगी बरोबर, तरी नोंद होत नसेल तर ही चिठ्ठी चुकलेली असू शकते. 'सुडो रिस्टोरकॉन -आरव्ही /वार/लॉग' देऊन ती पूर्ववत होते. यातला आर मोठ्या लिपीत. एसई-लिनक्सच बंद करून टाका असा सल्ला कुणी दिला तर तो ऐकू नका.

कायदा काय म्हणतो?

लॉग ही फक्त तांत्रिक हौस राहिलेली नाही. देशातली सायबर सुरक्षेची यंत्रणा असलेल्या सर्ट-इननं २८ एप्रिल २०२२ रोजी माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली निर्देश काढले. सेवा पुरवठादार, मध्यस्थ, डेटा सेंटर, कंपन्या व व्यावसायिक संस्था आणि सरकारी संस्था यांनी आपल्या सर्व संगणक यंत्रणांचे लॉग चालू ठेवायचे आणि मागच्या १८० दिवसांचे सुरक्षित जपायचे, असं त्यात आहे. निर्देशात दिलेल्या प्रकारची सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायची, हेही त्यात आहे.

आता हिशोब करा. सध्याचा उबुंटू आठवड्याला वही बदलतो आणि जुन्या ४ वह्या ठेवतो. म्हणजे हाती राहतो साधारण महिनाभराचा लॉग. १८० दिवस हवे असतील तर लॉगरोटेटच्या आर-सिसलॉग कॉन्फिगमध्ये ४ चे २६ करावे लागतील. २६ आठवडे म्हणजे १८२ दिवस. जुन्या वह्या दाबून लहान केल्या जातात, त्यामुळे जागा फार लागत नाही. पण मालकीच्या घोळात वहीच कोरी राहिली तर २६ कोऱ्या वह्या जपून काय उपयोग?

दर सोमवारी दोन मिनिटं

सुरुवातीच्या दूध संस्थेच्या उदाहरणाकडे परत येऊ. तिथं सगळं संपलं असं नाही. आर-सिसलॉगची वही बंद पडली तरी जर्नल-डीची दुसरी वही चालू असू शकते. उबुंटूमध्ये ती सहसा डिस्कवरच असते. 'सुडो जर्नलसीटीएल --सिन्स' आणि पुढं अवतरण चिन्हात तारीख दिली की त्या दिवसापासूनच्या नोंदी समोर येतात. त्या रात्री कोण आत शिरलं होतं ते तिथं मिळू शकतं. मात्र या वहीलाही जागेची मर्यादा असते आणि जुन्या नोंदी गळत जातात. म्हणून उशीर न करता त्या नोंदी वेगळ्या फाइलमध्ये उतरवून घ्यायच्या आणि पेनड्राइव्हवर ठेवायच्या. मालकीची दुरुस्ती त्यानंतर.

पुढं असं होऊ नये यासाठी एकच सवय पुरेशी आहे. दर सोमवारी मशीनसमोर बसणाऱ्यानं 'लॉगर सोमवार' ही आज्ञा द्यायची आणि सिसलॉगची शेवटची ओळ पाहायची. ओळ दिसली तर काम झालं. नाही दिसली तर घोळ फार तर आठ दिवसांचा आहे आणि गेल्या आठवड्यात मशीनला कुणी हात लावला होता ते अजून सगळ्यांना आठवत असतं.